ऊन सगळ्यांना सारखं लागत नाही, पण लागतं सगळ्यांनाच

पाऊलवाट

माझा वर्ण सावळ्याहूनही गडद आहे. "तुझ्या कातडीला काय होतंय उन्हाने!" हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की ते मला खरंच वाटायचं. चार वर्षांपूर्वी बर्फातल्या एका ट्रेकला गेले होते. सोबतची गोरी मैत्रीण दर दोन तासांनी थांबून सनस्क्रीन लावायची आणि मी तिची सॅक धरून उभी असायचे. हवा गार, वर वारा, त्यामुळे चटका असा जाणवतच नव्हता. तिसऱ्या रात्री तंबूत हनुवटीखाली सहज हात गेला आणि मी कळवळले. नाकाची खालची बाजू, नाकपुड्यांच्या कडा, हनुवटीच्या खाली गळ्याकडे वळणारा भाग... वरचं ऊन जिथे कधी पोचत नाही, नेमक्या त्या जागा भाजल्या होत्या. आरशात लाली दिसेना. त्वचा नुसती ताणलेली, चकाकणारी आणि हाताला गरम लागणारी. चार दिवसांनी पोपडे सुटले आणि खाली राखाडी-काळे डाग राहिले. ते जायला आठ महिने लागले. मैत्रिणीचा चेहरा जसा गेला तसाच परत आला.

त्यानंतर मी या विषयात बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं, म्हणून हा धागा.

आधी माझं नेमकं काय झालं ते सांगते. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत उधळतो, म्हणजे ऊन वरून येतं तसंच खालूनही येतं. शिवाय दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. आणि सगळ्यात मोठी फसगत गारव्याची. आपल्याला जो उकाडा जाणवतो तो उन्हातल्या वेगळ्या भागामुळे. अतिनील किरणं ना दिसतात, ना गरम लागतात. "आज ऊन लागत नाहीये" हे आपण अंगाला लागणाऱ्या उष्णतेवरून म्हणतो, त्वचेला मात्र तोवर ते लागलेलं असतं.

आता त्वचेच्या प्रकारांविषयी. सगळीकडे वापरली जाते ती फिट्झपॅट्रिक यांची श्रेणी. थॉमस फिट्झपॅट्रिक हे अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ. सोरायसिस या त्वचारोगावर औषध आणि यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) मिळून एक उपचार तेव्हा नवा होता. किरणांची मात्रा रुग्णाच्या केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून ठरवली, तर काही जण भाजायचे. म्हणून १९७५ साली त्यांनी रंग बाजूला ठेवला आणि थेट रुग्णालाच विचारायचं ठरवलं: बरेच दिवस उन्हात न गेलेली तुमची त्वचा पहिल्यांदाच भर उन्हात राहिली, तर ती भाजते की रापते? सुरुवातीला चारच प्रकार होते, तेही गोऱ्या त्वचेचे. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. पहिला प्रकार म्हणजे नेहमी भाजणारी, कधीच न रापणारी त्वचा. दुसरी पटकन भाजते, जेमतेम रापते. तिसरी आधी थोडी भाजते, मग रापते. चौथी क्वचित भाजते, छान रापते. पाचवी फारच क्वचित भाजते आणि सहावी जवळजवळ भाजतच नाही.

"जवळजवळ" हा शब्द मी आठ महिने आरशात बघितला आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी, की मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या काय बनवतात, किती बनवतात आणि कसं पसरवतात यात. गडद त्वचेत रंगाचे कण मोठे असतात आणि सुटे सुटे पसरून पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे बसतात. या छत्रीचं मोजमापही झालं आहे. अगदी काळ्या त्वचेला निसर्गतः साधारण एसपीएफ १३ (सनस्क्रीनच्या बाटलीवर संरक्षणाचा असतो तो आकडा) इतकं संरक्षण मिळतं, गोऱ्या त्वचेला साधारण ३. तेरा म्हणजे थोडं नव्हे. त्यामुळेच उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग गडद वर्णाच्या माणसांत खूप कमी दिसतो. पण बाटलीवर १३ लिहिलेलं सनस्क्रीन लावून बर्फात तीन दिवस कोणी चालेल का? मी तेच केलं होतं.

आणि आमच्यासारख्यांचं नुकसान दिसतं वेगळं. लाल होणं, फोड येणं कमी. डाग, वांग, एकसारखा न राहिलेला रंग जास्त. छत्री विणणाऱ्या याच पेशी चिडल्या की गरजेपेक्षा जास्त रंग सोडतात. तेव्हा प्रत्येकाने आपली त्वचा उन्हात कशी वागते ते लिहावं. रंग काय आहे ते नको, वागते कशी ते लिहा.

कवडसा

फार चांगला धागा. मी पहिल्या-दुसऱ्या प्रकाराच्या मधली, अंगावर वांगासारखे नाहीत पण बारीक तपकिरी ठिपके भरपूर. लोकांना वाटतं गोरी आहे म्हणजे मजेत आहे. शाळेच्या मैदानावर अर्धा तास उभं राहिलं की संध्याकाळी मानेची आग आग व्हायची.

माझा सर्वांत वाईट अनुभव ढगाळ दिवसाचा आहे. सूर्य दिसत नव्हता म्हणून बिनबाह्यांच्या कपड्यात दिवसभर पाण्याकाठी होते. रात्री खांद्यांवर फोड. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं आरपार येतात हे नंतर कळलं. पाण्यात उतरूनही सुटका नसते, पृष्ठभागाखाली अर्धा मीटर गेलं तरी त्यातली सुमारे ४० टक्के तिथे पोचतात.

आता मी आकाशाकडे बघून ठरवत नाही, यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणं किती तीव्र आहेत ते सांगणारा आकडा, बघते. हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये असतो. ३ च्या खाली असेल तर मी निर्धास्त. ३ पासून पुढे टोपी, बाह्या, सनस्क्रीन. ८ च्या वर गेला की दुपारची कामं मी सरळ पुढे ढकलते. ११ आणि त्यापुढे म्हणजे टोकाचं. फोन हाताशी नसेल तर स्वतःची सावली बघा. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक आहे असं समजायचं. लहान मुलांनाही हे पटकन कळतं, माझी भाची आता मलाच सांगते, "मावशी, सावली बुटकी झाली, चल आत."

निळीशाई

सगळं पटलं, पण मग ड जीवनसत्त्वाचं काय? माझी त्वचा पाचव्या प्रकारची असावी. मी रोज सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास बसते, तरी रक्तात ड कमी आलं. आता सनस्क्रीनही लावायचं म्हणजे उरलंसुरलं पण जायचं.

पाऊलवाट

@निळीशाई, माझंही अगदी असंच झालं होतं. कोवळं ऊन अंगाला सुखाचं लागतं, मनाला बरं वाटतं, झोपेचं घड्याळ लागायला त्याची मदत होते. पण ड जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबी या प्रकारच्या अतिनील किरणांनी. सूर्य क्षितिजालगत असतो तेव्हा किरणं तिरकी येतात, वातावरणातली वाट लांबते आणि यूव्हीबी वाटेतच शोषली जातात. तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल त्या वेळी ड जवळजवळ तयारच होत नाही. अवघड भाग हाच आहे की भाजणारी आणि ड देणारी किरणं एकच.

त्यात गडद त्वचेतलं मेलॅनिन हीच यूव्हीबी अडवतं, म्हणून तेवढंच ड तयार करायला आपल्याला गोऱ्या माणसाच्या कित्येक पट वेळ लागतो. कवडसासारख्यांना हातपाय उघडे ठेवून काही मिनिटं पुरतात आणि त्यानंतर थांबलं तरी चालतं, कारण एका मर्यादेनंतर तयार झालेला कच्चा माल त्याच उन्हात मोडत जातो, जास्त बसून जास्त मिळत नाही. काचेच्या आत बसून तर काहीच मिळत नाही. यूव्हीबी काचेत अडते.

मी काय केलं ते सांगते. सावली आखूड असताना थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवते, चेहऱ्याला मात्र कायम सनस्क्रीन. ड तयार व्हायला चेहराच लागतो असं नाही, आणि डाग पडतात ते चेहऱ्यावरच. बाकीची कमतरता डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी भरून काढली. विषुववृत्तापासून दूर, थंड देशांत राहणाऱ्या गडद वर्णाच्या लोकांना तर हिवाळ्यात दुसरा मार्गच नसतो, तिथे कित्येक महिने दुपारचा सूर्यसुद्धा ड देण्याइतका वर येत नाही.

खिडकीपाशी

काचेचा विषय निघाला म्हणून लिहिते. चौथा प्रकार, दोन्ही गालांवर वांग, दुसऱ्या बाळंतपणापासून. मी उन्हात जातच नाही मग वांग का वाढतं, हे मला कळत नव्हतं. माझी कामाची जागा खिडकीला लागून आहे, उजेड डावीकडून येतो. डावा गाल उजव्यापेक्षा स्पष्ट गडद.

काचेत यूव्हीबी अडते, यूव्हीए येते. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के यूव्हीएच असते. ती भाजत नाही म्हणून कळत नाही, पण त्वचेत खोलवर जाते, सुरकुत्या आणि डाग दोन्ही तिचे. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं गाडी चालवताना चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडे. डावा गाल सुरकुत्यांनी जाड होऊन ओघळलेला, उजवा त्या मानाने पुष्कळ तरुण. एकाच माणसाचे दोन अर्धे चेहरे. तो फोटो बघून मी खिडकीला पडदा लावला.

दुसरी गोष्ट मला दोन वर्षं कोणी सांगितली नव्हती. चौथ्या ते सहाव्या प्रकारच्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो आणि नेहमीचं बिनरंगी सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन लागतं. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडची सनस्क्रीन आपल्या रंगावर जी पांढरट राखेसारखी दिसतात, तसं हे दिसत नाही. त्या पांढरटपणापायी सनस्क्रीन सोडून दिलेल्या किती बायका मला माहीत आहेत. त्यांनी त्वचेच्या रंगाचं एकदा वापरून बघावं.

तळहात

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथली चर्चा चांगली चालली आहे, त्यात दोन भर घालतो.

एक. गडद त्वचेच्या लोकांना मेलॅनोमा (रंग बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) होत नाही हा समज जीव घेतो. होतो, फक्त कमी प्रमाणात, आणि होतो त्यातला बराच उन्हाशी संबंध नसलेल्या जागी: तळवे, तळहात, नखांखाली. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या बोटाच्या नखाखाली हाच कर्करोग असल्याचं निदान झालं आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. सनस्क्रीनने हा टळत नाही, बघण्याने लवकर सापडतो. आंघोळीनंतर महिन्यातून एकदा तळवे उलटून बघा, बोटांच्या बेचक्या बघा. एकाच नखावर नवी काळी उभी रेघ आली, ती रुंदावत गेली किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरली, तर थांबू नका. तीळ असेल तर दोन्ही अर्धे सारखे आहेत का, कड रेखीव आहे का, रंग एकच आहे का, आकार ६ मिलिमीटरच्या पुढे गेला आहे का, आणि मुख्य म्हणजे तो बदलतो आहे का, हे बघा. गडद वर्णाच्या रुग्णांत निदान उशिरा होतं, कारण बघायचं असतं हेच कोणी सांगितलेलं नसतं.

दोन. तुमचा प्रकार कोणताही असो, काही औषधं तो खाली ओढतात. मुरुमांसाठी दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबासाठीचं हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन. ही चालू असताना नेहमीच्या उन्हातही त्वचा भाजू शकते. औषध स्वतःहून बंद करू नका, ऊन कमी करा आणि डॉक्टरांना सांगा. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) असलेल्यांना तर उन्हाने आजार उसळू शकतो.

आणि "आधी थोडं रापून घेतलं की मग भाजत नाही" असं ऐकलं तर सोडून द्या. रापणं म्हणजे पेशींतल्या डीएनएला इजा झाल्यावर त्वचेने केलेली धावपळ. त्यातून मिळणारं संरक्षण एसपीएफ ३-४ च्या आसपास. कृत्रिम टॅनिंगच्या यंत्रांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये तंबाखूच्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग नक्की करणाऱ्यांत टाकलं आहे.

ठिपकेदार

माझ्या हातांवर आणि ओठांभोवती कोड आहे. एकाच हातावर दोन प्रकारच्या त्वचा. तपकिरी भाग तासभर उन्हात मजेत असतो, पांढरा दहा-पंधरा मिनिटांत लाल. श्रेणीत मी कुठे बसतो असं डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, संरक्षण नेहमी सगळ्यात नाजूक जागेच्या हिशोबाने. आणि मूळ त्वचा कमी रापली की पांढरे डाग कमी उठून दिसतात, म्हणून पूर्ण हाताला लावा.

ओठांना एसपीएफ असलेला बाम. हे मला कोणी सांगेपर्यंत ओठ दर उन्हाळ्यात फुटायचे.

खिडकीपाशी

@ठिपकेदार, "सगळ्यात नाजूक जागेच्या हिशोबाने" हे लिहून ठेवलं.

गवतफूल

चार महिन्यांच्या बाळासाठी कोणतं सनस्क्रीन घ्यावं? आणि आमच्या घरात एसपीएफ ३० की ५० यावरून वाद चालू आहे.

तळहात

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीनवर सोडू नका. सावली, अंगभर सुती कपडे, टोपी, आणि कडक उन्हात बाहेर नाहीच. सहा महिन्यांनंतर उघड्या भागाला झिंक ऑक्साइडचं चालतं. लहानपणी फोड येईपर्यंत भाजणं पुढे मेलॅनोमाचा धोका वाढवतं, त्यामुळे इथे केलेली काळजी वाया जात नाही.

पाऊलवाट

@गवतफूल, ३० की ५० याचं उत्तर असं. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी अडवतं, ३० सुमारे ९७, ५० सुमारे ९८. आकडे बघून वाटेल काय फरक आहे. पण हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेले असतात, आणि आपण बहुतेक जण त्याच्या अर्धं किंवा त्याहून कमी लावतो. तिथे ५० च्या बाटलीवरचं संरक्षण फार खाली येतं. म्हणून मी ५० घेते, पण भर देते तो मात्रेवर.

मात्रा कशी मोजायची? तर्जनी आणि मधलं बोट पसरा, दोन्हीवर तळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. एवढं चेहरा आणि गळ्याला. पहिल्यांदा बघाल तेव्हा "इतकं?" असं वाटेल. मी गणित करून बघितलं. चेहऱ्याला दर खेपेला साधारण सव्वा ग्रॅम लागतं, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदाच लावली तरी चाळीसेक दिवसांत संपली पाहिजे. माझी पहिली ट्यूब सात महिने चालली होती.

एकदम थापू नका, दोन थरांत लावा, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी, पोहून किंवा घाम पुसून झाल्यावर लगेच. एसपीएफ फक्त यूव्हीबीचं सांगतं हेही लक्षात ठेवा. यूव्हीएसाठी बाटलीवर 'पीए' या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं मोजा, चार म्हणजे सर्वाधिक. किंवा गोलातली यूव्हीए ही अक्षरं बघा. डागांची तक्रार असलेल्यांना हे एसपीएफच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं.

कवडसा

कपड्यांबद्दल राहिलं. पातळ पांढरा सुती टीशर्ट फार थोडं अडवतो, साधारण यूपीएफ (कपड्यांचं एसपीएफसारखं माप) ५ ते ७, आणि भिजला की त्याहून कमी. कपडा उजेडाकडे धरा, आरपार उजेड दिसला तर ऊनही येणार. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड बरं. यूपीएफ ५० म्हणजे किरणांचा पन्नासावा भाग आत येतो, आणि ते दर दोन तासांनी लावावं लागत नाही! कॅपने कान आणि मान उघडी राहते, चारही बाजूंनी साडेसात सेंटिमीटर तरी कड असलेली टोपी घ्या.

निळीशाई

आणि भाजलंच तर? काल भाऊ दिवसभर मैदानात होता, घरी आला तेव्हा काही नव्हतं, रात्री पाठ टेकवेना.

तळहात

तसंच होतं. आग साधारण चार-सहा तासांनी सुरू होते आणि बारा ते चोवीस तासांत सर्वाधिक होते. गार पाण्याच्या घड्या, बर्फ थेट नको. ओलसर अंगावरच साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. पाणी भरपूर, दुखत असेल तर पॅरासिटामॉल. फोड फोडू नका. ताप, थंडी, ओकारी किंवा बऱ्याच भागावर फोड असतील तर दवाखान्यात न्या. त्याची त्वचा गडद असेल तर लालीची वाट बघू नका, हाताची मागची बाजू पाठीजवळ धरा, धग कळते.

निळीशाई

धरून बघितलं. खांद्यांवर धग आहे, खाली नाही. बनियनची रेघ हाताला कळते. ताप नाही. घड्या ठेवतेय.

पाऊलवाट

@निळीशाई, भावाला पुढचे काही दिवस ती पाठ पूर्ण झाकूनच बाहेर जाऊ दे. बरी होत असलेली त्वचा पुन्हा उन्हात गेली की डाग बसतो, माझा तसाच बसला.

गेल्या महिन्यात पुन्हा त्याच मैत्रिणीबरोबर बर्फात गेले होते. कडेने बंद असलेला, यूव्ही ४०० लिहिलेला चष्मा दोघींना, कारण डोळ्यांची बुबुळंही बर्फावरून आलेल्या उन्हाने भाजतात. दर दोन तासांनी दोघी थांबायचो. ती माझ्या कानांमागे लावायची, मी तिच्या. मग मी मान वर करायचे आणि ती नाकाखाली, हनुवटीखाली, गळ्यापर्यंत बोट फिरवून बघायची, कोरडी जागा राहिली का.